नानांच्या बागेतला शॉट

अगदी कमी खर्चात चित्रपट करणाऱ्यांकडे पैसा क्वचितच पैशाच्या रूपात येतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्या चित्रपटाचे अंदाजपत्रक २६ लाखांचे होते आणि त्यातले रोख असे १७ लाखही हाती आले नव्हते. उरलेले सारे कोणाचा बंगला, कोणाची टेम्पो ट्रॅव्हलर, कोणाच्या मंगल कार्यालयातल्या खोल्या, कोणाच्या भावजयीने पहाटे उठून तीस माणसांसाठी केलेले पोहे अशा रूपाने आले. मी या चित्रपटाचा लाइन प्रोड्युसर, म्हणजे चित्रीकरणाचा खर्च आणि व्यवस्था पाहणारा, असल्याने या सगळ्याला रुपयांत किंमत लावून वहीत टिपून ठेवणे माझ्याकडे होते, आणि ते मी चोख केले. तरीही मार्चमध्ये दिंडोरी तालुक्यात जे झाले, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नाशिकमध्ये चित्रपटासाठी पैसे मागायला बसलेला प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत दादासाहेब फाळक्यांवर येतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशकातच वारलेल्या या माणसाने विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने कसे गहाण टाकले, हे अशा थाटात सांगितले जाते की ऐकणाऱ्यानेही उठून तेच करावे. त्याच गोष्टीतला कामाचा भाग मात्र वगळला जातो. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर फाळक्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे थोडे थोडे चित्रण करून एक छोटी फिल्म तयार केली आणि भांडवल देणाऱ्यांना आधी ती दाखवली. तळमळ सगळेच घेऊन येतात, नमुना फार थोडे आणतात. आमच्या दिग्दर्शकाच्या मागे लागून मी तीन मिनिटांची झलक करून घेतली, आणि ती पाहूनच नाना आमचे भागीदार झाले.

नाना द्राक्षबागाईतदार. सारे गाव त्यांना याच नावाने हाक मारते. चार एकर थॉमसन जातीची द्राक्षे, जुन्या पद्धतीचा मांडव, मुलगा पुण्यात नोकरीला. आमची कथा नेमकी बाग विकायला निघालेल्या मुलाची आणि त्याच्या बापाची होती, त्यामुळे झलक संपल्यावर नाना बराच वेळ बोलले नाहीत. दिग्दर्शकाने उत्साहाच्या भरात 'मंथन'चा दाखला दिला, की १९७६ च्या त्या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. नाना म्हणाले, "त्यांच्या मागं त्यांची डेअरी होती. आमच्या मागं व्यापारी असतो, तोही पैसे बुडवून पळून जाईपर्यंत." मग त्यांनी पाच लाख कबूल केले. तीन लाख करारावर सही करताना आणि दोन लाख माल खुडल्यावर, असे ठरले. हे दोन लाख ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्कारासाठी धरलेले होते. शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावर मिळते. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख हे आकडे कितीही गोड वाटले तरी त्यांच्या भरवशावर पैसे घालू नका, हे मी त्यांना त्याच बैठकीत सांगितले होते. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी बाग दिली. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर जागावापराचा करार मी स्वतः लिहिला. चित्रीकरणाच्या काळात सदर जागेचे आणि तेथील सर्व वस्तूंचे चित्रण करण्याचा व ते चित्रपटात वापरण्याचा हक्क, असे त्यातले वाक्य आहे. हे वाक्य सगळ्याच करारांत असते आणि ते कोणी वाचत नाही.

घडांनी लदलेल्या बागेचे प्रसंग खुडणीच्या आधी उरकायचे, हाच आमच्या वेळापत्रकाचा कणा होता. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठी करायची छाटणी, ऑक्टोबरमध्ये झालेली असल्याने मार्चच्या सुरुवातीला माल तयार होणार, हे गणित सोपे होते. ते गणित आमच्यासाठी किती ताणले गेले, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. शेजारच्या बागाईतदाराने मला नंतर सांगितले, की व्यापारी आदल्या बुधवारीच खुडायला मजूर घेऊन येणार होता, नानांनी त्याला सोमवारपर्यंत थांबवले. नानांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "गोडी भरायची होती." त्याच आठवड्यात त्यांनी मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून मला दाखवला होता आणि साखर १७ भरली होती. १७ ला माल खुडणारे आहेत आणि १८ साठी चार दिवस थांबणारेही आहेत, त्यामुळे त्या आकड्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. आमचे घडांचे तीन प्रसंग त्या वेळी बाकी होते, एवढे मात्र कॉल शीटवर, म्हणजे चित्रीकरणाच्या रोजच्या वेळापत्रकावर, लिहिलेले आहे.

त्या शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही मांडवाखाली सेटअप लावत होतो. उत्तरेकडे आभाळ भरलेले दिसत होते, पण 'येऊन जाईल' असे सगळेच म्हणत होते. पहिला थेंब पडायच्या आधी लाइट दादांनी कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता जनरेटरचा मेन काढला आणि केबल गुंडाळायला घेतल्या. सेटवर सर्वांत कमी बॅटा (रोजचा भत्ता) घेणारी ही माणसे सर्वांत आधी आणि बिनचूक विचार करतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांचे पैसे नेहमी सगळ्यांच्या शेवटी निघतात, हेही. कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो तोवर गारा सुरू झाल्या होत्या. पत्र्यावर असा कल्लोळ झाला की साउंड रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून हातात धरला. रेकॉर्डिंग मात्र त्याने चालू ठेवले.

गारपीट पंधरा मिनिटेही टिकली नसेल. थांबली तेव्हा मांडव वरून विरळ झालेला होता, पानांच्या चिंध्या तारांना लटकत होत्या, सऱ्यांमध्ये गारांचे ढीग साचले होते आणि चिरडलेल्या पानांचा हिरवा, तुरट वास सगळीकडे भरला होता. बरेच घड वेलीवर शाबूत दिसत होते. नानांनी त्यातला एक हातावर घेतला, अंगठ्याने एकेक मणी फिरवून पाहिला. जवळजवळ प्रत्येक मण्याला एका अंगाला बारीक चीर गेलेली होती. घड त्यांनी कात्रीने व्यवस्थित देठाशी कापला आणि सवयीने क्रेटमध्ये ठेवला. मग क्रेटकडे बघत उभे राहिले आणि खिशातून मोबाइल काढून व्यापाऱ्याला फोन लावला.

याच वेळी पश्चिमेकडे ढगाखालून ऊन आले. छायाचित्रकार माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "हा उजेड वीस मिनिटं आहे. हे दोन कोटींच्या चित्रपटालाही उभं करता येणार नाही." तो वाईट माणूस नाही आणि त्याचे म्हणणे खरेही होते. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले, मी नानांकडे पाहिले. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "घ्या, काय घ्यायचं ते घ्या. आता काय राहिलंय तिथं." आणि पुन्हा फोनवर बोलू लागले. पलीकडून सौदा मोडला जात होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. त्यांच्या या उत्तराला परवानगी म्हणायचे की नाही, याचा विचार करायला वीस मिनिटांत वेळ नव्हता, असे मी स्वतःला सांगतो. कागदोपत्री तर परवानगी आधीच मिळालेली होती.

आमचे ज्येष्ठ अभिनेते नाशिकच्या रंगभूमीवर वाढलेले, कालिदास कलामंदिरात आयुष्य घालवलेले गृहस्थ आहेत. त्यांनी आधी नकार दिला. "त्यांच्या बागेत, त्यांच्यादेखत, त्यांच्यासारखीच टोपी घालून मी रडायचं?" असे त्यांनी दिग्दर्शकाला सगळ्यांसमोर विचारले. शेवटी ते चालले, पण रडले नाहीत. मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गारांवरून पाय जपत, हात मागे बांधून ते फक्त चालत गेले. दिग्दर्शकाला रडणे हवे होते आणि त्याने दुसरा टेक मागितला. तो त्यांनी दिला नाही. मला विचाराल तर चित्रपटातला सर्वांत चांगला निर्णय त्या दिवशी नटाने घेतला.

टेक चालू असतानाच पलीकडच्या वस्तीवरच्या शेळ्या कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या आणि पडलेल्या घडांवर तुटून पडल्या. चित्रपटात प्राणी दाखवायचा असेल तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाकडून आधी परवानगी घ्यावी लागते. त्या कटकटीपायी आम्ही पटकथेतली बैलजोडीसुद्धा काढून टाकली होती. त्यामुळे माझा सहायक वाकून, चौकटीच्या बाहेर राहून, आवाज न करता शेळ्या हाकलायचा प्रयत्न करत होता. नानांनी ते पाहिले आणि म्हणाले, "खाऊ द्या की त्यांना." सहायकाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला शेळ्या बाहेर काढायलाच सांगितले, कारण फ्रेममध्ये शेळी आली असती तर सेन्सॉरच्या वेळी तो टेक वापरता आला नसता.

नानांच्या पीकविम्याचे प्रकरण दुसऱ्या दिवशी सुरू झाले. गारपिटीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. नानांच्या पुण्याच्या मुलाला फोनवरच सुचले, की शूटिंग झाले आहे तर उत्तम चित्रण असणारच, तेच पुरावा म्हणून द्यावे. आम्ही हार्ड डिस्क उघडली. चित्रण अप्रतिम होते, पण मुंबईहून भाड्याने आलेल्या त्या कॅमेऱ्यातली तारीख आधीच्या कोणीतरी भलतीच लावून ठेवलेली होती. आमच्यापैकी कोणाला ते कधी खटकले नव्हते, कारण एडिटरला तारीख लागत नाही, क्लॅपवरचा प्रसंग आणि टेकचा आकडा लागतो. शेवटी उपयोगी पडले ते स्पॉट दादाने गारा पाहून हौसेने काढलेले मोबाइलचे फोटो, ज्यांवर तारीख, वेळ आणि जागा आपोआप उमटलेली होती. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याने चित्रपटाचे युनिट पाहून 'हिरो कोण आहे' एवढे विचारले आणि शेडमध्ये बसून सगळा कागद भरला. बाग त्याने बांधावरून पाहिली.

राहिलेले घडांचे प्रसंग आम्ही शेजारच्या बागेत केले. गारपीट पट्ट्यापट्ट्याने होते. एका बांधावर सगळे झोडपून निघते आणि दुसऱ्यावर पानही हलत नाही. ती बाग वाचली होती, पण तिथे मांडव नव्हता, वाय पद्धत होती. मांडवात वेल छतासारखी डोक्यावर पसरते आणि घड वरून लोंबतात. वायमध्ये ओळीच्या दोन्ही अंगांना फाकलेल्या हातांवर वेल चढते आणि मध्ये आभाळ मोकळे राहते. दिग्दर्शक म्हणाला, "कोणाला कळणार आहे?" मुंबईत कोणालाच कळणार नाही. नाशिक जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळेल, आणि हा चित्रपट बघायला पहिल्यांदा येतील ती हीच माणसे. पण युनिटचे भाडे दिवसावर चढत होते. आम्ही लेन्स बदलून, आभाळ शक्य तितके चौकटीबाहेर ठेवून प्रसंग उरकले.

नानांचा दुसरा हप्ता अर्थातच आला नाही आणि मी तो मागितलाही नाही. मेमध्ये त्यांनीच फोन करून सोसायटीचे कर्ज नवे-जुने करून दोन लाख उभे करतो असे सांगितले, तेव्हा मी नको म्हणालो. दिग्दर्शक यावरून माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. त्याच्या मते भागीदाराला त्याचा शब्द पाळू न देणे हा भागीदाराचा अपमान आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य नसते तर मला इतका राग आला नसता.

गेल्या महिन्यात कच्चे संकलन झाले आणि नाना ते पाहायला कॉलेज रोडच्या आमच्या खोलीवर आले. गारांचा शॉट पाऊण मिनिटाचा आहे. तो सुरू झाला तेव्हा मी लॅपटॉपच्या पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, एवढेच. पुढे वाय पद्धतीच्या बागेचा प्रसंग आल्यावर मात्र त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितले. "ही बाग आमची नाही," ते म्हणाले. "बाप मांडवाखाली चालत जातो आणि वायमधून बाहेर येतो, असं कसं चालेल?" दिग्दर्शकाने लेन्सचे, चौकटीचे, प्रेक्षकाच्या लक्षाचे बरेच समजावले. नाना म्हणाले, "पुढच्या फेब्रुवारीत माझ्या बागेत या."

त्यामुळे चित्रपट वर्षभर लांबला आहे. त्या प्रसंगांसाठी दोन दिवसांचे युनिट, कॅमेरा आणि जेवण यांचा खर्च मी वेगळ्या पानावर मांडला असून पैसे कुठून आणायचे ते पाहतो आहे. नव्या करारात मी एकच कलम वाढवले आहे: व्यापाऱ्याशी सौदा होऊन खुडणीची तारीख पक्की झाल्याशिवाय चित्रीकरणाचे वेळापत्रक लावायचे नाही, आणि लावल्यावर चित्रीकरणासाठी ती तारीख हलवायची नाही. नानांनी कलम वाचले, "याची काय गरज होती?" म्हणाले, आणि सही केली.