तुम्ही विचारलंत म्हणून : बेल्जियममध्ये एवढे इटालियन कसे?

ब्रसेल्सला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न विचारतोच. कोपऱ्यावरचा न्हावी इटालियन, मुलीच्या शाळेतल्या बाईंचं आडनाव इटालियन, प्लंबर इटालियन, दातांच्या डॉक्टरांची पाटी इटालियन. मग चहा पिता पिता कुणीतरी म्हणतं, "अगं, आपण बेल्जियमला आलोय ना? मग हे सगळे कुठून आले?" दिरांना तर पंतप्रधानसुद्धा सापडले. २०११ मध्ये बेल्जियमचे पंतप्रधान झालेले एलिओ दी रुपो हे इटलीहून आलेल्या आईबापांचे चिरंजीव.

पूर्वी मी "कोळशामुळे" एवढं सांगून मोकळी व्हायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं मी थट्टा करतेय. परवा मावसबहिणीनं मेसेज टाकून पुन्हा तेच विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी हे सांगते, की मी चंद्रपूरची. बाबा बल्लारपूरच्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारे, होते. आमच्या लाइनीत तेलुगू बोलणारे होते, छत्तीसगढचे होते, पार बिहारमधून आलेले होते, आणि कोण कुठून आलं हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. कोळसा निघतो तिथे माणसं बाहेरूनच येतात, हे मला लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलं होतं की बेल्जियमची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला नवल वाटलं ते फक्त हिशेबाचं.

हिशेब असा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा बेल्जियमच्या पोटात कोळसा भरपूर होता, पण खाली उतरायला माणूस नव्हता. बापाला खोकून खोकून मरताना पाहिलेला पोरगा कशाला उतरेल? जर्मन युद्धकैद्यांकडून काम चाललं होतं, पण त्यांना आज ना उद्या घरी पाठवणं भाग होतं. तिकडे इटलीत माणसं रिकामी बसलेली आणि चुली-कारखान्यांना कोळसा नाही. २३ जून १९४६ ला दोन सरकारांनी करार केला. इटलीनं ५०,००० माणसं द्यायची, आठवड्याला २,००० या गतीनं. आणि खाणीत लागलेल्या दर हजार इटालियन माणसांमागे बेल्जियमनं इटलीला महिन्याला किमान २,५०० टन कोळसा विकायचा. उत्पादन चढलं तर तो आकडाही चढायचा, ५,००० टनांपर्यंत. म्हणजे माणशी महिन्याला अडीच ते पाच टन. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. बाकी उत्तर तुम्ही विसरलात तरी चालेल, हा दर तेवढा लक्षात ठेवा.

गावागावांत गुलाबी कागदाची पोस्टरं लागली. पगार, भरपगारी सुट्ट्या, मुलांमागे भत्ता, घरी जाळायला कोळसा, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यावर छापलेलं. मिलानच्या मोठ्या स्टेशनाखालच्या तळघरात माणसांना गोळा करायचे, डॉक्टर तपासायचे, आणि आगगाडीत भरून उत्तरेकडे. इकडे उतरल्यावर कोण कुठल्या खाणीत जाणार याची विभागणी. ज्यांनी आयुष्यात गुरं आणि द्राक्षं यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं ते आठवड्याभरात जमिनीखाली हजार मीटरवर.

काहीजण पहिल्याच दिवशी वर येऊन म्हणाले, मी परत उतरणार नाही. पण खाण सोडून दुसरीकडे काम धरायची काही वर्षं मुभाच नव्हती. करार मोडणाऱ्याला ब्रसेल्सच्या 'पेती शातो'त डांबायचे आणि तिथून गाडीत बसवून परत. कालव्याच्या काठची बुरुजांची ती इमारत मी तुम्हा सगळ्यांना ट्राममधून दाखवली आहे. पुढे तिच्याच दारात आश्रय मागायला आलेले परदेशी लोक रांगेत उभे असायचे. इमारतींनाही काय काय नशिबी येतं.

मागून बायका-मुलं आली. त्यांना राहायला मिळाल्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ, नळ बाहेर, संडास त्याहून लांब. गावात खोली बघायला जावं तर परक्यांना जागा नाही. शाळेत पोरांना 'मॅकरोनी' म्हणून चिडवायचे. हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं. त्या चार वर्षांच्या असताना आईचं बोट धरून अब्रुझ्झोहून आल्या. अब्रुझ्झो म्हणजे रोमच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख. तिथली गावंच्या गावं अशी इकडे आली.

आता ८ ऑगस्ट १९५६. शार्लरुआ शहराला लागून मार्सिनेल नावाचं गाव आहे, तिथली 'ब्वा द्यु काझिए' ही खाण. बुधवार होता. सकाळची पाळी उतरलेली. ९७५ मीटर खोलीवर कोळशाची भरलेली गाडी पाळण्यात, म्हणजे विहिरीतून वर-खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये, ढकलायची आणि तिच्या धक्क्यानं पलीकडून रिकामी बाहेर पडायची, अशी रीत. त्या दिवशी रिकामी अडकली. दोन्ही गाड्या अर्धवट बाहेर लोंबत राहिल्या. खालच्या माणसाला वाटत होतं पाळणा अजून आपल्याकडे थांबणार आहे. वरच्यांना वाटलं तो न्यायला मोकळा आहे. आठ वाजून दहा मिनिटांनी पाळणा उचलला गेला. बाहेर आलेली गाडी वरच्या तुळईवर आदळली, तुळईनं दाबाखालच्या तेलाची नळी फोडली, विजेच्या केबली तोडल्या, टेलिफोनच्या तारा तोडल्या. ठिणगी, तेलाचा फवारा, आणि दाबाच्या हवेच्या फुटलेल्या नळीतून सुटलेली हवा.

बाबांना हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ते काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, "हवा खाली जाते त्या शाफ्टात, की वर येते त्या?"

"जाते त्या."

"मग संपलंच."

मला कळलं नाही तेव्हा त्यांनी समजावलं. खाणीला दोन विहिरी असतात. एकीतून ताजी हवा आत शिरते, सगळ्या बोगद्यांतून फिरते आणि दुसरीतून बाहेर पडते. आग बाहेर पडणाऱ्या वाटेवर लागली तर आतल्या माणसाला थोडी तरी आशा असते. आत येणाऱ्या वाटेवर लागली तर जी हवा त्याला जगवायला सोडलेली असते तीच धूर घेऊन त्याच्यापर्यंत पोचते. बहुतेक माणसं भाजून नाही मेली. कार्बन मोनॉक्साइडनं मेली.

एकूण २६२. त्यांत १३६ इटालियन आणि ९५ बेल्जियन. बाकीचे पोलिश, ग्रीक, जर्मन, अल्जेरियन, हंगेरियन वगैरे. सगळे धरून बारा देशांचे. इटालियनांपैकी साठ एकट्या अब्रुझ्झोचे. त्यातल्या मानोपेल्लो नावाच्या एका लहानशा गावानं वीसाहून जास्त पुरुष एका सकाळी गमावले.

त्या खालच्या माणसाविषयी पुढे खूप बोललं गेलं. तोही इटालियन, आणि तो जगला. त्याला फ्रेंच नीट येत नव्हतं म्हणून घोटाळा झाला, असं आजही लोक सहज सांगून जातात. मला हे ऐकलं की राग येतो. आमच्या खाणीतही तेलुगू बोलणारा खाली आणि मराठी बोलणारा वर असायचा. म्हणून तर घंटीच्या ठोक्यांची भाषा असते, आणि ती भाषा न चुकता चालेल अशी व्यवस्था करणं हे मालकाचं काम. तेलाची नळी, केबली आणि दाबाच्या हवेची नळी एकाच विहिरीत एकमेकांना खेटून, आणि आत जागोजाग लाकूड, हे काय त्या माणसानं ठरवलं होतं? खटला चालला. १९५९ मध्ये सगळे आरोपी सुटले. १९६१ मध्ये अपिलात एका इंजिनिअरला शिक्षा झाली. सहा महिने, तीही स्थगित, आणि २,००० फ्रँक दंड.

पण तुम्ही इटालियन कसे हे विचारलंत, तेव्हा खटल्यापेक्षा फाटकाचं सांगायला हवं.

खाणीचं लोखंडी फाटक बंद करून घेतलं होतं. धूर कित्येक मैलांवरून दिसत होता आणि बायका धावत आल्या, मुलं कडेवर, कुणी घरातल्याच स्लिपरवर. त्या फाटकाच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. आत काय चाललंय ते सांगणारे फ्रेंचमध्ये सांगत होते. बाहेरच्या अर्ध्या बायकांना ते कळत नव्हतं. ज्या थोरल्या मुलीनं शाळेत फ्रेंच शिकलं होतं तीच आईला दुभाष्यासारखी सांगत होती. नऊ-दहा वर्षांच्या पोरीनं आईला हे सांगायचं. आमच्या आजी त्या वेळी तेवढ्याच होत्या. त्यांचे वडील दुसऱ्या खाणीत होते, पण रेडिओवर फक्त 'शार्लरुआ' एवढंच ऐकू आलं, म्हणून त्यांची आईही त्यांना ओढत गेली होती. गजांच्या पलीकडे एक सायकल भिंतीला टेकवलेली होती आणि ती कुणाची आहे यावरून दोन बायका भांडत होत्या, एवढंच आजींना आठवतं. दोघींनाही ती आपल्या नवऱ्याची वाटत होती.

पंधरा दिवस हे चाललं. पहिल्या दिवशी मोजके लोक जिवंत वर आले, मग कुणीच नाही. आंजेलो गाल्वान नावाचा बचाव पथकातला माणूस, त्याला पुढे लोक 'काझिएचा कोल्हा' म्हणू लागले, तो पुन्हा पुन्हा खाली उतरत राहिला. बेल्जियमचे राजे बोदुएँ येऊन गेले. इटलीहून म्हातारे आईबाप गाडीनं आले आणि तेही फाटकाशी उभे राहिले. २२-२३ ऑगस्टच्या रात्री बचाव पथक १,०३५ मीटरवर पोचलं आणि वर येऊन एकानं इटालियनमध्ये दोन शब्द उच्चारले : तुत्ती कादावेरी. सगळी प्रेतं. या वेळी फाटकापाशी कुणाला भाषांतर लागलं नाही.

चारशेहून जास्त मुलं बापाविना झाली. काही बायका शवपेट्यांबरोबर गावी गेल्या आणि जन्मभर काळी वस्त्रं नेसून राहिल्या. पण पुष्कळशा इथेच थांबल्या, आणि पाहुण्यांना सगळ्यांत नवल याचंच वाटतं. "एवढं झाल्यावर परत नाही गेले?" अहो, परत कशावर जायचं? पेन्शन इथे, मुलांची शाळा इथे, गावी होतं ते कर्जापायी विकलेलं. आणि माणूस इथल्या मातीत. माझ्या आजीनं आजोबा गेल्यावर ते बेळगावचं घर सोडलं नव्हतं, वर कौलं राहिली नव्हती तरी.

इटलीनं यानंतर माणसं पाठवणं थांबवलं. बेल्जियमनं काय केलं? त्याच वर्षी स्पेनशी करार, पुढच्या वर्षी ग्रीसशी, १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी. तुमचा पुढचा प्रश्न, की एवढे मोरोक्कन कसे, त्याचंही उत्तर इथेच आलं. काझिएची खाणही पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबर १९६७ पर्यंत चालली. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी आजींचे वडील त्यांच्या खाणीत पाळीला गेले होते. फुप्फुसात धूळ साठून ते पुढे वारले. त्या आजाराला धंद्यातून होणारा आजार म्हणून बेल्जियमनं मान्यता दिली ती १९६४ मध्ये.

२०१९ मध्ये बाबा इकडे आले होते. ग्रँड प्लेस हा ब्रसेल्सचा प्रसिद्ध चौक त्यांनी दहा मिनिटांत उरकला. काझिएला मात्र आम्ही अख्खा दिवस होतो. ती आता युनेस्कोच्या यादीत आहे, आत संग्रहालय आहे, संगमरवरावर २६२ नावं कोरली आहेत. बाबा विहिरीवरच्या लोखंडी मनोऱ्यांखाली मान वर करून उभे राहिले. चाकांकडे बोट करून म्हणाले, "दोर कुठल्या बाजूला जायचा बघ." फोटो काढू दिला नाही.

संध्याकाळी आजींनी वर कॉफीला बोलावलं म्हणून आम्ही खाली गेलो. (त्या 'वर या' म्हणतात, राहतात खाली. फ्रेंच आणि इटालियन दोन्ही मिसळून बोलतात, चालायचंच.) दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मी मध्ये. बाबांनी टेबलावर बोटानं तीन टकटक केल्या आणि मला म्हणाले, त्यांना सांग, आमच्याकडे तीन म्हणजे पाळण्यात माणसं चढताहेत. त्यांच्याकडे किती?

आजींनी मान हलवली. वडील घरी खाणीतलं काही बोलायचेच नाहीत, त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं आठवल्यासारखं सांगू लागल्या, की ते डब्यात पावाचा एक तुकडा मुद्दाम शिल्लक ठेवून आणायचे. आम्ही भावंडं दारातच डब्यावर झडप घालायचो. कोळशाची चव लागायची त्याला, घरच्या पावापेक्षा तोच आवडायचा.

हे मी बाबांना सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती, कारण त्यांनी 'डबा' करताना आजींचे हात पाहिले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू पण अर्धी पोळी मागायचीस."