आमदारांची सीट

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली निम्मीअर्धी कोल्हापूर-सोलापूर लाईनवर. जयसिंगपूर, मिरज, शिरढोण, नागज फाटा, जुनोनी, सांगोला, मंगळवेढा. अजूनही झोपेत उठवून विचारा, थांबे चुकायचो नाही. या लाईनवरच्या बऱ्याच कंडक्टरांकडं एक गोष्ट असायची: सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख आपल्या गाडीत बसले होते. माझ्याकडं ती गोष्ट नाही. एवढ्या फेऱ्या मारल्या, पण माझ्या गाडीला ते कधी आलेच नाहीत. आले असतील आणि गर्दीत मला कळलं नसेल, असंही आता वाटतं.

नव्या पोरांसाठी सांगतो. एसटीत एका सीटच्या वर 'आमदार-खासदार' असं रंगवलेलं असायचं. आमदाराला एसटीचा प्रवास फुकट. पण त्या सीटवर आमदार बसलेला कुणी बघितलाय? तिथं बसायची पिशवीत कोंबडी घेऊन आलेली म्हातारी, नाहीतर खिडकीसाठी भांडणारं कॉलेजचं पोरगं. गणपतराव मात्र खरंच एसटीनं फिरायचे. सगळ्या महाराष्ट्राला हे ठाऊक होतं, आणि पेपरवाले त्याचंच कौतुक जास्त करायचे. मला ते थोडं खटकायचं. एसटीनं तर रोज आम्ही पण जात होतो की. मोठी गोष्ट मतांची होती.

ते पहिल्यांदा निवडून आले १९६२ ला. त्यानंतर १९६७. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, ८०, ८५, ९० ओळीनं. १९९५ ला पुन्हा पडले, तेही फक्त १९२ मतांनी. त्या वयात दुसरा कुणी घरी बसला असता. हे १९९९ ला आले, २००४ ला आले, २००९ ला आले आणि २०१४ ला अकराव्यांदा आले. पक्ष एकच, शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. तालुका एकच, सांगोला. या काळात आमच्या जिल्ह्यात किती जणांनी किती झेंडे बदलले ते मोजायला बसलो तर वेबिलाची, म्हणजे आमच्या तिकिटांच्या हिशोबाची, पानं पुरायची नाहीत.

शेकापला कम्युनिस्ट म्हणायचं का, यावर आमच्याकडं चहाच्या गाड्यावर भांडणं व्हायची. लाल बावट्याची माणसं एकमेकांना कॉम्रेड म्हणणार, शेकापची माणसं भाई. पण १९५० च्या दाभाडी प्रबंधात, म्हणजे पक्षाच्या धोरणाच्या कागदात, शेकापनं मार्क्सवाद-लेनिनवाद लिहूनच घेतला होता, आणि झेंडाही लालच. माझ्या लेखी भाई काय, कॉम्रेड काय, तिकीट एकच.

माझी थोरली बहीण सांगोला तालुक्यात दिली आहे. दाजींची डाळिंबाची बाग. मी त्यांना मुद्दाम डिवचायचो, "दाजी, पन्नास वर्षं तुमचा एकच आमदार, आणि उन्हाळ्यात गावात टँकर तसाच?"

दाजी शांत माणूस, गणपतरावांना आबासाहेब म्हणणारा. सुपारी कातरत म्हणायचे, "पाव्हणं, तुमच्याकडं पंचगंगा दारात येती. आमच्याकडं माण नदी वाळूची हाय. आबासाहेबांनी ढग आणायचे का?"

"सरकार तरी आणायचं."

"दोनदा झाले की मंत्री. १९७८ ला आन् १९९९ ला. बाकी सगळा काळ विरोधात. विरोधातला आमदार पाणी मागतो, सोडत नाही."

उत्तर बिनतोड होतं असं नाही. दरवर्षी आटपाडीला पाणी परिषद व्हायची, वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव सगळे एका मांडवात. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, एवढीच मागणी. ती मागता मागता एक पिढी म्हातारी झाली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आलं, पण कुणाच्या रानाला आलं आणि कुणाच्या बांधाजवळ थांबलं, यावर दाजी आणि त्यांचे भाऊ अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

आम्ही कोल्हापूरकर आंदोलनाला लाल आणि मतदानाला भलतेच. शेकापच्याच एन. डी. पाटील सरांचं बघा. विधानपरिषदेत १८ वर्षं काढली, १९७८ ला सहकारमंत्री होते. पण कोल्हापुरातून विधानसभेत १९८५ ला एकदाच गेले. पुढं शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी ऐंशी ओलांडलेल्या सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर आलं, मीही ड्यूटी संपवून त्यात होतो, आणि २०१५ च्या शेवटी टोल गेला. सांगोल्याच्या लोकांनी मोर्चाला गेले त्याच माणसाला मतही दिलं, एवढाच फरक. कौतुक गणपतरावांचं करतात सगळे, मला त्या मतदारांचं जास्त वाटतं.

२०१९ ला वयामुळं ते उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. त्या रात्री दाजींनी फोन उचलला नाही.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले. आमचा महापूर नुकताच ओसरला होता. शुक्रवार पेठेतल्या घरात मी आणि पोरगा फावड्यानं चिखल ओढत होतो, भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर. दाजींचा फोन आला. "आबासाहेब गेलं," म्हणाले, आणि मग बराच वेळ काही नाही. शेवटी विचारलं, "पाणी उतरलं का तुमचं?"

माझी एक सवय होती. आमदाराच्या सीटवर कुणी बसलं की तिकीट फाडताना म्हणायचो, "बसा निवांत, आमदार चढले तर उठा म्हंजे झालं." कोल्हापूर-मिरजेत माणसं खो खो हसायची. जुनोनी सोडली की तेच वाक्य टाकायचो, तर तिथून चढलेली माणसं हसायची नाहीत. रिटायर व्हायच्या आठवड्यात, मे २०१९ ला, तसंच झालं. फेटेवाले एक आजोबा त्या सीटवर होते. सांगोल्याच्या स्टँडला गाडी लागली तशी त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली, उठून बाजूला उभे राहिले, आणि दारातली माणसं चढून होईपर्यंत बसले नाहीत.