तुम्ही विचारलंत म्हणून: झाडांचं नंतर बघू

निसर्गफेरी संपवून चहाला थांबलो की कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, आमच्याकडे थोडी पडीक जागा आहे. पक्षी यावेत, मुलांना बागडता यावं, शेजारच्या वस्तीलाही चार पैसे मिळावेत, असं उद्यान करायचंय. कुठली झाडं लावू?" माझं उत्तर ठरलेलं असतं. झाडांचं नंतर बघू, त्या जागेतून आज कोण ये-जा करतं ते आधी सांगा.

पहिल्यांदा आम्ही हे विचारलं नव्हतं. मुंबईत भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी एका मोकळ्या तुकड्यावर जूनमध्ये दोनशे रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं, फोटो काढले. आठ दिवसांत तार कापलेली. आम्ही चिडलो, पुन्हा जोडली, पुन्हा कापली. शेवटी मी एका सकाळी तिथेच जाऊन बसले. उजाडता उजाडता वरच्या पाड्यातल्या बायका हंडे घेऊन उतरल्या आणि त्या फटीतून एकेक करून पलीकडे गेल्या. शेवटची मावशी हंडा आधी ठेवून, पदर तारेत अडकू नये म्हणून मुठीत धरून वाकली. मला म्हणाली, "पाण्याची वाट आहे बाय ही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मला फार लाज वाटली. वाट सोडून कुंपण आत घेतलं. उरलेल्या रोपांना पुढचे दोन उन्हाळे पाणी घातलं ते त्याच मावशीच्या घरच्यांनी. आज तिथे जी झाडं उभी आहेत ती त्यांची आहेत असं मी मानते.

जागा कितीही वाईट असो, तिचं काही होत नाही असं म्हणू नका. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर. तिथे एकेकाळी शहराचा कचरा पडायचा. त्या ढिगावर माती पसरली, १९८३ मध्ये डॉ. सलीम अलींच्या हातून पहिलं रोप लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. मधली अकरा वर्षं लक्षात ठेवा. देणगीदार तीन वर्षांत निकाल मागतात, तेव्हा मी त्यांना हा हिशेब सांगते.

कचऱ्यावरून बिबट्या आठवतो, कारण ही गोष्ट एकच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०३ चौरस किलोमीटरचं, आणि भोवती दाटलेलं शहर. २००४ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हा सगळीकडून एकच ओरड होती, पिंजरे लावा. पण एक बिबट्या उचलला की रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि अनोळखी मुलखात नेऊन सोडलेला गडबडतो. पुढे वनखातं, अभ्यासक आणि नागरिक २०११ पासून एकत्र बसले, तेव्हा बोलणं वेगळ्याच गोष्टींवर आलं: इमारतीमागचा उकिरडा, त्यावर पोसलेली कुत्री, अंधारी वाट, घरात नसलेला संडास. कुत्रं हे इथल्या बिबट्याचं मोठं भक्ष्य आहे. कचरा वेळेवर उचलला गेला नाही तर उद्यानाची भिंत कितीही उंच बांधा, उपयोग नाही. म्हणून तुमच्या आराखड्यात कचऱ्याच्या गाडीची वेळ झाडांच्या यादीच्या आधी यायला हवी.

पाड्यांवर हे शिकवावं लागत नाही. शेंदूर लावलेला वाघोबा तिथे वेशीवर बसलेला असतो, वाघबारशीला त्याला नैवेद्य जातो. काळोख पडला की पोरांना एकटं सोडायचं नाही, बोलत-खाकरत चालायचं, हे घरातच शिकतात. अशा माणसांना उद्यानात फक्त झाडू देऊ नका. फेरी त्यांना नेऊ द्या, दाराचं तिकीट त्यांच्या हाती असू द्या, आणि नियम ठरवायच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं हे मी वाचून सांगते. वारली आजी त्याच कारवीच्या कुडाला टेकून सांगते.

खेळायची जागा आणि जनावरांची जागा मात्र एकत्र करू नका. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या दारातून आत गेलं की आधी कृष्णगिरी उपवन लागतं. लहानपणी आम्ही वनराणी या छोट्या आगगाडीत बसलो ते इथेच. गर्दी, डबे, आरडाओरडा, सगळं दाराजवळ. पण तुळशी तलावाकडे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तुमची जागा दोन एकर असली तरी एक कोपरा असा ठेवा, जिथे माळीसुद्धा रोज जाणार नाही. पडलेला पाला तिथेच कुजू द्या, वाळलेलं खोड उभं राहू द्या. तांबट पक्षी त्यातच घर कोरतो.

तर या आठवड्यात एवढंच करा. एक वही घ्या, चार दिवस पहाटे आणि चार दिवस तिन्हीसांजेला त्या जागेवर बसा. कोण कुठून येतं, काय घेऊन जातं, कुत्री कुठे जमतात, पाणी कुठे साचतं, सगळं लिहा. वही घेऊन या, मग झाडांचं बोलू.