आमची वाटचाल : एका पानाचे नागपूर

सीताबर्डीच्या एका गल्लीत, रेल्वे स्थानकावरून सामान घेऊन पायी येता येईल एवढ्या अंतरावर, आमचे नऊ खोल्यांचे लॉज आहे. खोल्यांखेरीज बारा खाटांची एक डॉर्मिटरी, जिन्याखाली सामान ठेवण्याची कोठडी आणि बाबांच्या काळापासूनचे एक शिसवी टेबल, एवढाच आमचा पसारा. या लॉजची वाटचाल सांगायची म्हणजे खरे तर एका कागदाची वाटचाल सांगावी लागते. कारण आमच्यासारख्या, किंबहुना आमच्याहून चांगल्या खोल्या या परिसरात पुष्कळ ठिकाणी मिळतात, पण तो कागद मात्र आमच्याच टेबलावर मिळतो.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि आमचा धंदा त्या छेदावर उभा आहे. नागपूर पाहण्यासाठी म्हणून नागपूरला येणारा पाहुणा आमच्याकडे विरळाच. ताडोब्याला किंवा पेंचला जाणारा प्रवासी विमानतळावरून थेट जंगलाची वाट धरतो. आमच्या रजिस्टरात नावे असतात ती गाडी बदलण्यासाठी थांबलेल्यांची, मेडिकलमध्ये भरती असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखेला आलेल्यांची आणि परीक्षा देऊन रात्रीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींची. या सर्वांच्या हातात पाच-सहा रिकामे तास असतात आणि खिशात मोजके पैसे. सामान कोठडीत टाकले की त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे?"

बाबा त्याचे उत्तर पावतीपुस्तकातील कोऱ्या पावतीच्या मागे लिहून देत. टेकडी गणपती, झिरो माईल, अजब बंगला, महाराजबाग, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव, अशी पाच-सहा नावे आणि पुढे ऑटोवाल्याला किती पैसे द्यावेत याचा अंदाज. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी काउंटर माझ्यावर सोपवले, तेव्हा मी पहिले काम केले ते त्या यादीच्या शंभर झेरॉक्स प्रती काढण्याचे. मला ती सुधारणा वाटली होती. बाबा मात्र म्हणाले, "मी माणूस बघून लिहीत होतो." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे काही महिन्यांनी कळला.

मद्रासकडून आलेले एक निवृत्त शिक्षक दोन नातवंडांना घेऊन दिवसभरासाठी उतरले होते. मी त्यांना कागद दिला आणि अजब बंगला मुलांना आवडेल, असे आवर्जून सांगितले. १८६३ साली स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे, आणि नाममात्र तिकिटात पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, शस्त्रे, शिल्पे आणि आदिवासी जीवनाची दालने पाहायला मिळतात. तासाभरात ते घामाघूम होऊन परतले. काही न बोलता त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला, खिशातील पेन काढले आणि अजब बंगल्यापुढे नीट अक्षरात लिहिले : "सोमवारी बंद." दोन्ही मुले पायऱ्यांवर बसून राहिली होती. मी त्यांना सरबत पाजले, डॉर्मिटरीचे पैसे घेतले नाहीत, पण त्यांची दुपार परत देणे काही माझ्या हातात नव्हते.

ती प्रत मी अजून जपून ठेवली आहे. त्या दिवसापासून आमच्या कागदावर स्थळांआधी वेळ येऊ लागली. नागपुरात फुकट किंवा स्वस्तात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु त्यातील बहुतेक गोष्टी ठरावीक वारी, ठरावीक प्रहरी किंवा वर्षातील एखाद्याच दिवशी हाती लागतात, हे या शहराबाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. ते सांगणे हाच आमचा धंदा, असे मी हळूहळू मानू लागले.

सर्वांत ठळक उदाहरण सीताबर्डीच्या किल्ल्याचे. आप्पासाहेब भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकडीवर झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तो सामान्य लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी उघडतो. उरलेल्या दिवशी पाहुण्याला खालूनच टेकडी पाहून समाधान मानावे लागते. तसेच मारबतीचे, म्हणजे मिरवणुकीने निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महाल भागातून निघतात, सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा होतो, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीने गल्ल्या दणाणून जातात. त्याच संध्याकाळी तान्हा पोळा असतो आणि लहान मुले लाकडी बैल ओढत घरोघर जातात. एक रुपयाही खर्च न करता एका दिवसात एवढे पाहायला मिळणारा दिवस आमच्या वर्षात दुसरा नाही. पोळ्याची तारीख दरवर्षी बदलत असल्याने कागदावरची ती ओळ आम्ही दर वर्षी नव्याने छापतो.

पुढे हॉटेलांची नोंदणी मोबाईलवर होऊ लागली. एका कंपनीशी आम्ही करार केला. कमिशन वजा जाता हाती काय उरते याचा हिशेब वर्षअखेरीस मांडला, तेव्हा कूलरच्या खसताट्या बदलण्याइतकेही पैसे शिल्लक नव्हते. करार संपवला. गिऱ्हाईक घटले. तेव्हा धाकट्या मुलाने सुचवले की कागद फुकट द्यावा, पण ज्यांना सोबत हवी त्यांना सकाळी फिरवून आणावे आणि माणशी शंभर रुपये घ्यावेत, त्यात पोहे आणि चहा. पहिल्या फेरीला दोन माणसे होती, आणि त्यांतील एक माझा मावसभाऊ होता.

ती फेरी आजही जवळपास तशीच आहे. सहाला निघून प्रथम टेकडी गणपती, तेथून झिरो माईल. तेथील स्तंभ आणि चार घोडे यांच्यासमोर सगळे फोटो काढतात आणि शेजारच्या दगडाकडे पाठ करून उभे राहतात. म्हणून आम्ही आधी दगडच दाखवतो. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या, म्हणजे ब्रिटिश काळातील देशाच्या मोजणीच्या, कामातील १९०७ सालची ही खूण असून तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे. देशाचा मध्यबिंदू म्हणून हे ठिकाण प्रसिद्ध झाले असले, तरी दगडाचे मूळ काम उंची सांगण्याचे आहे, हे ऐकून काही पाहुणे हिरमुसतात. मुलगा म्हणतो की हे सांगू नये, मी सांगते. तेथून विधानभवनावरून, संविधान चौकातून कस्तुरचंद पार्काकडे.

कस्तुरचंद पार्काजवळ पोहोचेपर्यंत ठेल्यांवर गर्दी झालेली असते. पिवळ्या पोह्यांच्या ढिगातून एक मूठ प्लेटमध्ये पडते, तिच्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा, आणि पुढची प्लेट भरता भरताच प्रश्न येतो, "तर्री कमी की जास्त?" पुण्याकडील पाहुणे ओले खोबरे शोधतात. त्यांना आम्ही आधीच बजावतो की पहिल्या वेळी "कमी" म्हणावे. तसाच गोंधळ सांबारवडीचा होतो. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे ठाऊक नसल्याने एका ताईंनी वडी आल्यावर बराच वेळ वाटीची वाट पाहिली होती. जहाल तिखट सावजी रस्सा मात्र फेरीत नसतो. ज्याला त्या रात्री गाडीत झोपायचे आहे त्याने तो खाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेट्रो आल्यावर कागद पूर्ण बदलावा लागला. २०१९ साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ पर्यंत चारही दिशांना गाड्या धावू लागल्या. पूर्वी ज्या अंतरासाठी ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागे, ते आता दोन-चार कप चहाच्या पैशांत होते, आणि वातानुकूलित डब्यात बसून शहर वरून दिसते हा लाभ वेगळाच. आम्ही दोन प्रवास सुचवतो. एक, सीताबर्डीहून लोकमान्यनगरच्या दिशेने, सुभाषनगरच्या अलीकडे खिडकीतून अंबाझरी तलाव पसरलेला दिसतो. पावसाळ्यानंतर तो भरलेला असताना हा प्रवास तिन्हीसांजेला करावा. दुसरा, वर्धा रोडवरून खापरीच्या दिशेने, जेथे खाली महामार्ग, मधे उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा अकरा ते पाच या वेळेसाठी आमच्या कागदावर एकच सल्ला असतो : खोलीत कूलरखाली झोपावे, आणि झोप येत नसेल तर मेट्रोने दोन्ही टोके पाहून यावे.

मुले सोबत असतील तर मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, गांधीसागराजवळील रमण विज्ञान केंद्र. दोन्हींचे तिकीट परवडणारे आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली वसवलेले जुने नागपूर पाहायचे असेल तर गांधी गेटमधून महाल भागात शिरावे आणि पायीच हिंडावे. पूर्ण दिवस हाती असेल तर वर्ध्याकडील गाडी धरून सेवाग्रामला जावे. बापूकुटीच्या अंगणात बसायला पैसे लागत नाहीत.

दीक्षाभूमीविषयी मात्र आम्ही कागदावर फार लिहीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे धम्मदीक्षा घेतली ते स्थान इतर दिवशी शांत असते, आणि त्या घुमटाखाली उभे राहिल्यावर कोणाला आमच्या माहितीची गरज उरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवसांत मात्र सारे शहर पालटते. रस्तोरस्ती भोजनदानाचे मांडव लागतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा असतात. त्या काळात आमची जिन्याखालची कोठडी कोणालाही सामान ठेवण्यासाठी विनामूल्य खुली असते. ही प्रथा बाबांची.

हिशेबाचे विचाराल तर फेरीतून फारसे सुटत नाही. फायदा होतो तो दुसऱ्या रात्रीमुळे. सकाळी फिरून आलेला माणूस पुष्कळदा रात्रीच्या गाडीचे आरक्षण पुढे ढकलतो, आणि एक खोली आणखी एक रात्र भरली की महिनाभराच्या छपाईचा खर्च निघतो. २०२० च्या टाळेबंदीत लॉज बंद राहिले; तेव्हाचे कर्ज याच दुसऱ्या रात्रींनी फेडले. हिवाळी अधिवेशनाच्या काळात शहरभर खोल्यांचे भाव चढतात. त्या वेळी आम्ही डॉर्मिटरीचा दर वाढवत नाही, कारण त्या खाटांवर मोर्च्याला आलेली माणसे झोपतात. नऊ खोल्यांचा मात्र वाढवतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

येत्या १५ ऑगस्टच्या किल्ल्याच्या फेरीसाठी आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. त्यांतील चार आमच्याच गल्लीतली आहेत. समोरच्या किराणा दुकानातील काका परवा ओळखपत्र घेऊन स्वतः नाव लिहायला आले. जन्मापासून रोज सकाळी दुकानाचे शटर वर करताना ती टेकडी त्यांच्या डोळ्यांसमोर असते, पण आत ते एकदाही गेलेले नाहीत. शंभर रुपये काढून ठेवत त्यांनी विचारले, पोहे किल्ला पाहायच्या आधी की नंतर.