पोरांना असलं पुस्तक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मॅडम, त्यात पोरं पोरांना मारत्यात, असलं कशाला वाचायला देता?" सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडं इंग्रजीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आईवडलांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. पुस्तक म्हणजे सुझान कॉलिन्सची 'द हंगर गेम्स', 2008 सालची कादंबरी. आठवी-नववीची पोरं शनिवारी बसतात. मी थोडं इंग्रजीतून वाचते, थोडं मराठीतून सांगते.

पॅनेम नावाचा देश, कॅपिटॉल ही राजधानी आणि तिच्या टाचेखाली 12 जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या काढून उचलायची, 24 जणांना एका रिंगणात सोडायचं, शेवटी एकच जिवंत उरला पाहिजे. सगळं टीव्हीवर थेट, आणि बघणं सक्तीचं. घरात धान्य-तेल जादा हवं असेल तर आपल्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवून घ्यायच्या. गोष्टीची नायिका, 16 वर्षांची कॅटनिस, हिच्या 20 चिठ्ठ्या झालेल्या असतात. रेशनकार्डावर चालणाऱ्या घरातल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

मारामारी आहेच, ती मी लपवत नाही. पण रात्री आठ वाजता घराघरात जे चालू असतं त्याहून जास्त रक्त त्यात नाही. लेखिकेनंच सांगितलंय, की एका रात्री ती टीव्हीची चॅनेलं बदलत होती; एकावर रिअॅलिटी शो, दुसऱ्यावर इराकचं युद्ध, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. तिथून ही गोष्ट सुचली. म्हणून पुस्तकातली खरी भीती तलवारीची नाहीच. रिंगणात जाण्याआधी या पोरांना रंगवतात, नटवतात, मुलाखतीला बसवतात. कारण जो प्रेक्षकांना आवडेल त्याला श्रीमंत लोक पुरस्कृत करणार, वरून हवाई छत्रीला बांधून औषध नाहीतर भाकरी पाठवणार.

एक प्रसंग मी सावकाश वाचते. कॅटनिस झाडावर लपलेली असते. ज्याला ती आपला समजत होती तो तिच्याच जिल्ह्यातला पीटा शत्रूंच्या टोळीत सामील झालाय, हे तिला वरून ऐकू येतं. आतून ती हादरलेली. पण पानांतून बाहेर येताना ती क्षणभर थांबते, कॅमेऱ्याला आपल्यावर स्थिरावू देते, आणि सगळं ठाऊक असल्यासारखी हसते. लोकांना वाटलं पाहिजे, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. पुढं गुहेत जखमी पीटाला ती ओठांवर ओठ टेकवते, आणि बाहेर छत्रीतून गरम सूप उतरतं. ती हिशेब ओळखते: एका चुंबनाला एक भांडं. इथं पोरं लाजतात, खिदळतात. ते चालतंच.

गेल्या खेपेला मात्र या पानावर एक पोरगी मध्येच बोलली. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा तिचं घर पाण्यात होतं आणि सगळे एका शाळेत राहायला. "मॅडम, आमच्या आजीला ब्लँकेट दोनदा दिलं. म्हणजे दिलं, परत घेतलं, परत दिलं. पहिला फोटो हलला होता." दुसऱ्या वेळी आजीनं पदर नीट केला, हेही तिनं सांगितलं. आता सांगा, हिला मी या पुस्तकातून काय नवीन शिकवणार होते?

पोरांना हे जग आधीच माहीत आहे. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी पोरांची ओळख एका रात्रीत पुसली गेली. 2024 ला बारामतीकडच्या मोढव्याचा सूरज चव्हाण 'बिग बॉस मराठी' जिंकला तेव्हा माझ्या वर्गात जल्लोष झाला होता, मलाही आनंद झाला. पण त्यावरून वर्गात एक प्रश्न निघाला तो बरा होता: त्या घरात कॅमेरा बघतोय हे माहीत असताना रडायला आलं, तर ते रडणं कुणाचं?

आणखी एक जागा. रू नावाची लहान मुलगी मरते तेव्हा कॅटनिस तिच्यासाठी गाते, मग कॅपिटॉलवरच्या रागानं तिचं अंग फुलांनी झाकते. खेळ संपल्यावर सगळ्यांना संकलित चित्रण दाखवतात. त्यात गाणं पूर्ण आहे, फुलं गायब. दुःख दाखवायला हरकत नाही, त्यातला राग तेवढा कापायचा. बातम्या कशा बघायच्या यावर यापेक्षा चांगला धडा मला कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडलेला नाही.

"शेवटी ती जिंकते ना?" असं विचारणाऱ्यांना मी या कथामालेचा तिसरा भाग वाचायला सांगते. तिथं कॅपिटॉलशी लढणारे बंडखोरही तिच्यापुढं कॅमेराच धरतात. स्टुडिओत तिला अभिनय जमत नाही म्हटल्यावर खऱ्या जखमींच्या इस्पितळात नेतात, चित्रण छान येतं. चांगल्या बाजूची माणसं हे करतात म्हणून तो भाग मला जास्त जड जातो. तो मी दहावीच्या आधी देत नाही.

परवा एका पालकांनी शनिवारच्या वाचनाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मागितला. मी पोरांना विचारलं. दोघी नको म्हणाल्या, म्हणून फोटो काढला नाही. पालक थोडे नाराज आहेत.