आमची वाटचाल: इतवारीच्या दुकानातून घरच्या पोर्चमध्ये

नागपूरच्या इतवारीत बाबांचं वजन उचलायच्या सामानाचं दुकान होतं. दोरखंड, साखळ्या, शॅकल (साखळी जोडायची लोखंडी कडी), चेन कुप्पी (साखळी ओढून वजन वर घ्यायची कप्पी). गिऱ्हाईक बहुतेक हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतलं.

घरगुती काम सुरू झालं ते आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका काकांमुळे. मनीषनगरला घरी जुनी जीप दुरुस्त करत होते. "इंजिन काढून राहिलो भाऊ, एक टनाची कुप्पी द्या." टांगणार कशाला, विचारलं, तर म्हणाले, "पोर्चमध्ये पंख्याचा हुक आहे ना!" कुप्पी दिली नाही, त्यांच्यासोबत घरी गेलो. पंख्यापुरती वाकवून स्लॅबमध्ये घातलेली सळई होती ती. कुप्पी एक टनाची घेतली म्हणून हुक एक टनाचा होत नाही. त्यात इंजिनासोबत कुप्पीचं स्वतःचं वजन आणि साखळी ओढण्याचा जोरही हुकावरच येतो. शेवटी त्यांना कुप्पी टांगायला लोखंडी घोडी, म्हणजे जमिनीवर उभी राहणारी चौकट, बनवून दिली. पुढे घरगुती घोड्या बनवण्यासाठी हिंगण्याला छोटं वर्कशॉप घेतलं.

काकांचं मला नवल वाटलं नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातलं (हा कायदा 2025 पर्यंत लागू होता) कलम 29 सांगायचं की उचलण्याच्या प्रत्येक साधनाची 12 महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी, आणि किती वजन झेपेल ते साधनावर लिहिलेलं असावं. कारखान्यात हे सगळं दुसरं कुणी बघतं. घरी बघणारं कुणीच नसतं. ती जागा आपण घ्यायची, असं मी तेव्हाच ठरवलं.

सगळ्यात जास्त समजवावं लागतं ते वजन ज्यानं कुप्पीच्या हुकाला टांगतात त्या पट्ट्याच्या कोनाबद्दल. 200 किलोचं इंजिन दोन पट्ट्यांवर घेतलं की प्रत्येकावर 100 किलो, असं लोक धरून चालतात. पट्टे सरळ उभे असतील तर ते बरोबर. पण दोघांमधला कोन 120 अंशांचा झाला की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण 200 किलोचा ताण येतो. म्हणून पट्टे लांब घ्या आणि कोन 60 अंशांच्या आत ठेवा. मग ताण 115 किलोच्या आसपास राहतो. हे मी गिऱ्हाइकाला काउंटरवर खडूनं काढून दाखवतो.

पॉलिस्टरचे पट्टे गच्चीवर टाकून ठेवू नका, आपलं नागपूरचं ऊन त्यांचा जीव काढतं. शिवण उसवलेला किंवा कडेला कापलेला पट्टा गाठ मारून वापरायचा नाही, फेकायचा. आणि नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. आतलं सील गेलं की दांडा खाली बसतो. जॅकनं उचला, खाली स्टँड लावा, गाडी त्यावर टेकवा, हलवून बघा, मगच आत जा.

आता दर उन्हाळ्याआधी जुन्या गिऱ्हाइकांना फोन जातो. कुप्पी दुकानात आणली की हुकाचं तोंड किती उघडलं ते मापतो, सेफ्टी लॅच (हुकाचं तोंड बंद ठेवणारी पट्टी) आणि ब्रेक बघतो, साखळीची कडी न् कडी तपासतो. विक्री कुठूनही झालेली असो, तपासणीचे पैसे घेत नाही.