दहा वॅट आणि माडांची वाडी

गुहागर, १८ ऑक्टोबर

परतीच्या पावसाचा गडगडाट एकदाचा थांबला. हॅम रेडिओ हा माझा छंद, म्हणजे परवाना घेऊन घरच्या सेटवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं. विजा असताना अँटेना सेटला जोडायची नाही, हा नियम मी मोडत नाही. त्यामुळे कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, खिडकीबाहेर गुंडाळून ठेवलेली होती. आज दुपारी ती आत घेतली, टोकं पुसली, जोडली आणि चहा घेऊन संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर बसले. बँड, म्हणजे त्या आसपासच्या लहरींचा पट्टा, छान उघडला होता, लांबची स्टेशनं ऐकू येत होती. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग इटलीतला एकजण मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या संकेतांत) सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, देताना सापडला. त्याचं संपेपर्यंत थांबले, माझं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) एकदाच दिलं आणि पहिल्याच हाकेला उत्तर आलं. रिपोर्ट ५५९. म्हणजे आवाज मध्यम, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. अंतर ६,००० किलोमीटरांच्या वर आणि माझी ताकद १० वॅट, देवघरातल्या बल्बाएवढी.

हे श्रेय सेटचं कमी आणि समुद्राचं जास्त. वाडीच्या पश्चिम टोकाला चिव्याच्या (बांबूच्या) काठीवर ५ मीटरची उभी तार बांधली आहे, आणि तिच्या बुडाशी चार तारा वाळूत पसरल्या आहेत. उभ्या अँटेनाला खाऱ्या पाण्यासारखी दुसरी जमीन नाही. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे लहरी क्षितिजाला चिकटून, अगदी कमी कोनात निघतात. कोन जितका कमी, तितकी आयनोस्फिअरच्या, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित पट्ट्याच्या, एफ थरावरून मारलेली पहिली उडी लांब पडते. युरोप इथून वायव्येला, आणि वायव्येला समोर नुसता अरबी समुद्र. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्रांना एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्या खरखरीतून सिग्नल शोधावा लागतो. माझ्याकडे बँड शांत असतो. कानावर पडलं तरच बोलता येतं, म्हणून ही शांतता मला जास्त वॅटांपेक्षा मोलाची वाटते.

सकाळची अँटेना वेगळी. ७ मेगाहर्ट्झसाठी दोन माडांमध्ये २० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) ताणला आहे, जमिनीपासून जेमतेम ८ मीटरवर. इतका खाली असला की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरांत उतरतात. पुणे, कोल्हापूर, बेळगाव सगळे त्यात येतात. हातातला, दोन मीटर लांबीच्या लहरींवर चालणारा सेट घाटापाशी थांबतो, कारण त्या लहरींना सह्याद्री ओलांडता येत नाही. सात मेगाहर्ट्झला सह्याद्री दिसतच नाही. सूर्य मावळला की लहरी शोषून घेणारा खालचा डी थर विरतो, आणि सकाळी ज्या बँडवर कोल्हापूर बोलत होतं तिथेच लांबच्या देशांची गर्दी होते.

माड वाऱ्यात डोलतात. तार दोन्हीकडे घट्ट बांधली तर पहिल्याच वाऱ्यात तुटेल. म्हणून एका माडाला कप्पी लावून दोरीच्या टोकाला दगड टांगला आहे. माड हलला की दगड वरखाली होतो आणि तारेवर ताण येत नाही. ही दोरी बांधायला माडावर चढणाऱ्या काकांनी चढताना विचारलं होतं, "ताई, हा दगड कशाला?" मी सांगितलं, तर म्हणाले, "होडीच्या दोरीला पण असंच ढील द्यावं लागतं." मला तेव्हा फार बरं वाटलं.

सेट मायक्रोबिटएक्स, हैदराबादच्या अशर फरहान यांच्या आराखड्यावरचा. ३ ते ३० मेगाहर्ट्झ. आत साधे आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर, जे आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. त्यांच्या आधीच्या बिटएक्समध्ये तर कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळलेल्या होत्या. परदेशी सुटे भाग परवडत नाहीत म्हणून छंद सोडू नये, हा विचार त्या वॉशरमध्ये आहे. आपल्या देशात रेडिओ शिकवायचा तर इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. मी परवान्यासाठी जनरल ग्रेडची परीक्षा दिली, तेव्हा मोर्स मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं यावा लागत होता. तो पाठ करताना वैतागले होते, आता त्याच्याशिवाय करमत नाही. एफटी८ हा १५ सेकंदांच्या ठोक्यांचा संगणकी प्रकार मीही वापरते, बँड कुठवर उघडलाय हे त्यावर चटकन कळतं. पण त्यात समोरच्याचा हात जाणवत नाही. आजचा इटालियन प्रत्येक डॅश, म्हणजे मोर्समधला लांब ठोका, किंचित लांबवत होता. पुन्हा भेटला तर नाव सांगायच्या आधी ओळखेन.

सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, मुद्दामच. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडात खांब आडवे पाडले, वीज आणि फोन दोन्ही गेले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम रेडिओच्या मोहिमेवर होत्या. त्यांनी छंदाचं स्टेशन त्याच दिवशी निरोपांसाठी लावलं. ते त्यांना जमलं कारण स्टेशन तयार होतं आणि हात रोजच्या सरावातला होता. म्हणून संध्याकाळचं माझं हे बसणं मी रिकामटेकडं मानत नाही.

आता खाऱ्या हवेचं बघायचं आहे. पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवट थर चढला आहे. उद्या सगळी टोकं घासून रबरी टेपानं बंद करणार. सूर्यावर डाग जास्त असले की वरचे बँड चांगले चालतात. सूर्यडागांचं २५ वं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर जाऊन गेलं, तरी २१ मेगाहर्ट्झ अजून दुपारी चांगला चालतो. त्यासाठी ३.४ मीटरची आणखी एक उभी तार कापून ठेवली आहे. काका सोमवारी येणार आहेत. तेव्हा डायपोलची दोरीही बदलून घेईन, जुनी उन्हानं सुटत चालली आहे.